पोपटाची चोच तुटली तर

एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्यांच्या सातवीच्या वर्गातील मुलीच्या घरी पोपट होता. एक दिवस तो पिंजऱ्याबाहेर असताना कोणीतरी पंखा लावला. पोपट फिरत्या पात्यावर आपटला आणि त्याची वरची चोच जवळजवळ मुळापासून तुटली. घरच्यांनी जखमेवर हळद दाबली, ड्रॉपरने दूध पाजले, टोपलीत कापूस घालून त्यावर ठेवले. दवाखान्यात नेले नाही, कारण पोपट पाळणे गुन्हा आहे असे त्यांच्या कानावर होते. तिसऱ्या दिवशी पोपट मेला. नंतर ती मुलगी वर्गात म्हणाली, ‘‘बाई, नख तुटलं तर परत येतं. मग चोच का नाही आली?’’

प्रश्न अगदी योग्य आहे, आणि त्याचे उत्तर ‘येते’ आणि ‘येत नाही’ असे दोन्ही आहे. पण त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. चोच परत यायची झाली तरी तिला काही महिने लागतात. हा पोपट तीन दिवसांत गेला. म्हणजे चोच आली नाही म्हणून तो मेला नाही. तो कशाने मेला असेल हे समजून घेण्यासाठी चोच म्हणजे नेमके काय, आणि पक्ष्याचे शरीर आपल्यापेक्षा कुठे वेगळे आहे, हे दोन्ही पाहावे लागेल.

शिंगासारखी चोच

चोच पूर्ण नखासारखी नसते. तिची खरी तुलना करायची तर बैलाच्या शिंगाशी करावी. खेड्यातल्या मुलांनी शिंग मोडलेला बैल पाहिलेला असतो. वरचे टणक खोळ निघून येते, आत रक्ताने माखलेला हाडाचा खुंट दिसतो, आणि बैल वेदनेने कोणाला जवळ येऊ देत नाही. चोचीची रचना अशीच तीन थरांची आहे. सर्वांत आत हाड. वरच्या चोचीत ते वरच्या जबड्याचे, खालच्या चोचीत खालच्या जबड्याचे. हे हाड भरीव नसते. पातळ कवचाच्या आत नाजूक हाडांच्या काड्यांची जाळी असते, त्यामुळे ते हलके पण मजबूत होते. हाडावर त्वचेचा एक पातळ थर असतो. त्यात रक्तवाहिन्या आणि चेतातंतू असतात. आणि त्यावर केराटिनचे टणक आवरण. आपली नखे आणि केस, बैलाचे शिंग, पक्ष्यांची पिसे ही सारी केराटिन कुळातल्या प्रथिनांचीच बनलेली. (पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांच्या या प्रथिनाची घडण आपल्या केराटिनपेक्षा थोडी वेगळी असते, पण इथे त्याच्या खोलात शिरायला नको.)

हलकेपणाची कमाल पाहायची तर दक्षिण अमेरिकेतील टूकन पक्षी पाहावा. त्याची चोच त्याच्या लांबीच्या एकतृतीयांश असते, पण वजनाच्या फक्त विसाव्या भागाएवढी भरते. कॅलिफोर्नियातील मार्क मायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली तिची रचना तपासली. बाहेर केराटिनच्या एकमेकींवर चिकटलेल्या खपल्या आणि आत फेसासारखे हाड, असे तिचे स्वरूप त्यांना दिसले.

आता मुलीच्या प्रश्नाकडे वळू. केराटिनचे आवरण सतत वाढत असते. ते प्रामुख्याने चोचीच्या मुळाशी तयार होते आणि हळूहळू टोकाकडे सरकते. टोक आणि कडा खाण्याने, घासण्याने झिजतात. वाढ आणि झीज यांचा मेळ बसलेला असतो म्हणून चोच आहे तेवढीच दिसते. फक्त टोकाचा टवका उडाला, किंवा आवरणाला चीर गेली, तर काही आठवड्यांत ते भरून येते, कारण ते तयार करणारा थर शाबूत असतो. आपले नख तुटून परत येते ते याच कारणाने. पण बोटाचे पेरच तुटले तर? ते परत येत नाही. चोचीच्या आतले हाड तुटून पडले आणि त्याबरोबर केराटिन तयार करणारा थरही गेला, तर तेवढा भाग कायमचा गेला. त्या पोपटाची वरची चोच मुळापासून तुटली होती. ती परत आली नसती.

म्हणून जखमी चोच पाहताना किती तुकडा गेला यापेक्षा कुठून गेला हे महत्त्वाचे. नाकपुड्यांभोवती जो मऊ भाग दिसतो, त्याच्या जितक्या जवळ जखम तितकी ती गंभीर.

चोचीला दुखते का?

चोच टणक आहे, म्हणून तिला जाणीव नसावी असा बऱ्याच जणांचा समज असतो. तो साफ चुकीचा आहे. चेहऱ्याची जाणीव मेंदूकडे नेणाऱ्या मोठ्या चेतेचे फाटे चोचीत शिरतात. पोपटाच्या चोचीच्या टोकाशी केराटिनमध्ये बारीक खळगे असतात आणि त्यांत स्पर्श ओळखणारी सूक्ष्म ग्राहके गच्च भरलेली असतात. दाणा टणक आहे की पोचट, फळ पिकले आहे की नाही, हे पोपट चोचीने चाचपून ओळखतो. आपल्या बोटांच्या टोकांचे काम त्याची चोच करते.

याचा खात्रीलायक पुरावा कोंबड्यांकडून मिळाला, आणि तो मिळण्याचे कारण फारसे अभिमानास्पद नाही. मोठ्या कुक्कुटपालन केंद्रांत दाटीवाटीने ठेवलेल्या कोंबड्या एकमेकींना टोचतात. ते टाळण्यासाठी पिलांच्या चोचीचे टोक तापलेल्या पात्याने कापण्याची पद्धत जगभर रूढ झाली. आपल्याकडेही ती आहे. नख कापण्यासारखेच हे आहे, असे सांगितले जाई. एडिंबरामधील शास्त्रज्ञ मायकेल जेंटल यांनी १९८० च्या दशकात कापलेल्या चोचींचे खुंट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तुटलेल्या चेतांची टोके वेडीवाकडी वाढून त्यांच्या गाठी झालेल्या होत्या. या चेतांमधून कोणताही स्पर्श न होता आपोआप विद्युत संदेश निघत होते. माणसाचा हात किंवा पाय कापावा लागला तर उरलेल्या खुंटात अशाच गाठी होतात आणि त्यांचा त्रास वर्षानुवर्षे राहू शकतो. चोच कापलेल्या कोंबड्या नंतर कित्येक आठवडे चोचीचा वापर टाळताना दिसल्या. तेव्हा चोच तुटलेला पोपट गप्प बसला आहे, ओरडत नाही, याचा अर्थ त्याला दुखत नाही असा मुळीच नाही. शिकार होणारे पक्षी दुखणे लपवतात. जो आजारी दिसतो तो आधी पकडला जातो.

मग वेदनाशामक द्यावे का? द्यावे, पण पशुवैद्याने. घरातली गोळी चुरडून देऊ नये. पक्ष्यांच्या शरीरात औषधांचे काय होते हे आपल्यावरून ठरवता येत नाही, याचा धडा आपल्या देशाने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्यांच्या मृतदेहांतून गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि भारतातली गिधाडे नाहीशी होण्याच्या बेतात आली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. त्याला पर्याय म्हणून तपासलेले मेलोक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित ठरले. आज पशुवैद्य जखमी पोपटालाही बहुधा हेच देतात, अर्थात पक्ष्याचे वजन करून, मोजून.

तीन पायांचा पक्षी

आपला वरचा जबडा कवटीला पक्का जोडलेला आहे. तोंड उघडताना फक्त खालचा जबडा हलतो. मुलांना वरच्या दातांवर बोट ठेवून बोलायला सांगा, म्हणजे पटेल. पोपटाची वरची चोच मात्र कपाळाशी बिजागरीने जोडलेली असते आणि स्वतंत्रपणे वर उचलता येते. शाळेच्या आवारात कुठे पेरूचे किंवा उंबराचे झाड असेल तर पोपट खाताना नीट पाहावे. हे हलणे दिसते. जोराच्या धक्क्याने कधीकधी चोच तुटत नाही, पण या बिजागरीच्या जवळची हाडे सरकून ती वर उचकटलेल्या अवस्थेत अडकते. घरचे लोक घाबरून ती खाली दाबू पाहतात. तसे करू नये. भूल देऊन पशुवैद्य ती जागेवर बसवू शकतो.

दाणा सोलताना वरच्या चोचीच्या आतल्या आडव्या कंगोऱ्यांवर पोपट जिभेने दाणा टेकवतो आणि खालच्या चोचीची धार साल फोडते. वरची चोच गेली की टेकू गेला. याची कल्पना मुलांना देण्याचा एक सोपा मार्ग आहे. अंगठा तळहातावर दुमडून फडक्याने बांधायचा आणि त्याच हाताने, दुसरा हात न लावता, भुईमुगाची शेंग सोलायची. चारही बोटे असून उपयोग होत नाही.

खाण्याखेरीज चोचीची आणखी दोन कामे आहेत. एक म्हणजे पिसे साफ करणे. दुसरे चढणे. पोपट गजांवर चढताना चोचीचा उपयोग केवळ तोल सावरण्यासाठी करत असेल असे वाटे. २०२२ साली लव्हबर्ड जातीच्या लहान पोपटांवर प्रयोग झाले. उभ्या पृष्ठभागावर चढवून चोच आणि पाय किती जोर लावतात ते मोजले गेले. चोच पायांइतका, काही वेळा त्याहूनही जास्त जोर लावत होती. म्हणजे चढताना पोपटाला खरोखरच तीन पाय असतात. चोच जायबंदी झालेला पक्षी नेहमीच्या उंच दांडीवर ठेवला तर पडतो. त्याची दांडी पिंजऱ्याच्या तळापासून वीतभर उंचीवर असावी, आणि खाली जुने कापड किंवा वर्तमानपत्राचे जाड थर असावेत.

पहिले काही तास

आता प्रत्यक्ष काय करायचे ते पाहू. प्रथम रक्त. पक्ष्याच्या शरीरात वजनाच्या सुमारे दहा टक्के रक्त असते. आपल्याकडच्या नेहमीच्या हिरव्या पोपटाचे वजन सुमारे १२० ग्रॅम धरले तर त्याच्या अंगात साधारण १२ मिलिलिटर रक्त झाले, जेमतेम अडीच चमचे. धडधाकट पक्षी त्यातला दहावा हिस्सा, म्हणजे १.२ मिलिलिटर, गमावला तरी सहन करतो. एका मिलिलिटरचे सुमारे वीस थेंब धरले तर हे चोवीस थेंब झाले. बजरीगर हा छोटा पक्षी ३५ ग्रॅमचा असतो. त्याच्यासाठी हाच आकडा सात थेंब येतो. हे गणित मुलांकडून करून घ्यावे. आपल्याला किरकोळ वाटणारे रक्त पक्ष्याला किती महाग पडते ते एका बेरजेत कळते.

स्वच्छ जाळीदार कापडाच्या घडीने चोचीच्या तुटलेल्या कडेवर हलका पण सलग दाब द्यावा, तीन-चार मिनिटे. मध्येमध्ये उचलून पाहू नये, नाहीतर धरू लागलेली गुठळी निघते. फक्त टोकाच्या कडेतून रक्त येत असेल तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर किंवा मैदा दाबला तरी चालतो. उघड्या मांसावर किंवा नाकपुडीजवळ कोणतीही पूड टाकू नये. हळदीचे गुण असोत-नसोत, तिची बारीक पूड नाकपुडीत जाऊन बसते. चुना आणि तंबाखू हे तर सरळ सरळ अपायकारकच.

पक्ष्याला धरायचे कसे, हेही शिकण्यासारखे आहे. आपल्याकडे छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल असते. पक्ष्याकडे तसे नसते. छातीचे हाड पुढे-मागे हलवून तो श्वास घेतो. घट्ट मुठीत पकडला की हाड हलत नाही आणि नाकतोंड मोकळे असूनही तो गुदमरतो. मऊ टॉवेलमध्ये सैल गुंडाळावा, मान अंगठा आणि बोटे यांमध्ये दोन्ही बाजूंनी धरावी आणि छाती मोकळी ठेवावी.

त्यानंतर ऊब आणि अंधार. पक्ष्याचे तापमान ४० ते ४२ अंश सेल्सिअस असते, आपल्यापेक्षा तीन-चार अंश जास्त. शरीर लहान, म्हणून उष्णता झपाट्याने जाते. धक्का बसलेला आणि उपाशी पक्षी ही उष्णता टिकवू शकत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडावीत, तळाशी टॉवेल घालावा आणि खोक्याच्या एका बाजूला, फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवावी. एकाच बाजूला, म्हणजे जास्त होऊ लागले तर पक्ष्याला दुसरीकडे सरकता येते. आतले तापमान ३० अंशांच्या आसपास असावे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत बाटलीची गरजच नाही, उलट सावली हवी. चोच उघडून धापा टाकत असेल आणि पंख अंगापासून दूर धरले असतील तर उष्णता जास्त झाली असे समजावे. कापूस मात्र घालू नये. त्याचे धागे नखांत आणि जखमेत अडकतात.

आणि आता ड्रॉपर. जखमी प्राणी दिसला की त्याच्या तोंडात पाणी घालावेसे वाटते. ती माया खरी असते, पण पक्ष्याच्या बाबतीत ती फार वेळा जीवघेणी ठरते. आपण गिळतो तेव्हा श्वासनलिकेच्या तोंडावर एक झाकण पडते. पक्ष्याला असे झाकण नाही. त्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच, एका उभ्या चिरेसारखे उघडे दिसते. स्वतः पाणी पिताना पक्षी ती चीर मिटून घेतो. बाहेरून, त्याच्या मनाविरुद्ध आणि तो घाबरून धापा टाकत असताना टाकलेले थेंब सरळ फुप्फुसात जाऊ शकतात. दुधाने आणखी बिघडते, कारण दुधातली साखर पक्ष्यांना पचवता येत नाही. पत्रातला पोपट रक्तस्रावाने गेला, थंडीने गेला, उपासमारीने गेला की फुप्फुसात दूध जाऊन गेला, हे दुरून सांगता येणार नाही. पण या चारपैकी प्रत्येक कारण टाळता येण्याजोगे होते.

मांजराने पकडून चोच जखमी केली असेल तर थांबूच नये. मांजराच्या तोंडातले जंतू पक्ष्याच्या रक्तात पसरले तर एक-दोन दिवसांत मृत्यू येतो. दाताचे भोक टाचणीएवढे दिसले तरीही त्याच दिवशी प्रतिजैविक सुरू व्हायला हवे.

पोटात काही गेले पाहिजे

लहान पक्षी फार काळ उपाशी राहू शकत नाही. बजरीगर एका दिवसात, मोठा पोपट दोन-तीन दिवसांत संकटात सापडतो. चोच दुखते म्हणून तो खात नाही, खात नाही म्हणून गार पडतो, गार पडला की पचन मंदावते. हे चक्र तोडायला हवे. पशुवैद्य गोलाकार टोकाची नळी घशातून थेट अन्नपुटात, म्हणजे गळ्याच्या तळाशी असलेल्या पिशवीत, घालून पातळ अन्न देतो. नळी श्वासनलिकेला चुकवून जाते, म्हणून ड्रॉपरचा धोका टळतो. १२० ग्रॅमच्या पोपटाला एका वेळी पाच-सहा मिलिलिटर पुरते. अन्न कोमट, ३८ ते ४० अंश असावे लागते. त्याहून गरम असेल तर अन्नपुटाची आतली त्वचा भाजते आणि दोनेक आठवड्यांनी तिथे चक्क भोक पडते. हे तंत्र पुस्तकात वाचून करण्यासारखे नाही. पशुवैद्याने समोर बसवून शिकवले तर मात्र घरचा माणूसही ते करू शकतो.

पक्षी सावरला की त्याला पसरट, उथळ आणि जड वाटीत मऊ अन्न द्यावे. वाटी जड हवी, कारण तो चोचीने आणि जिभेने अन्न रेटणार. मऊ भात आणि मूगडाळ बिनमिठाची, कुस्करलेले उकडलेले अंडे, रताळे, लाल भोपळा, पपई, पिकलेला पेरू बिया काढून, भिजवून वाटलेले हरभरे. ॲव्होकाडो, चॉकलेट, कांदा, चहा आणि मीठ हे सारे वर्ज्य. मिरची? ती चालते. पोपट मिरची मजेत खातो यात शौर्य काही नाही. तिखटाची आग ज्या ग्राहकामुळे आपल्याला जाणवते, तो पक्ष्यांमध्येही असतो, पण मिरचीतल्या द्रव्याला दाद देत नाही. मिरचीत जीवनसत्त्वे आहेत, आणि नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढवलेल्या पोपटांना ‘अ’ जीवनसत्त्वाची जी उणीव असते ती चोचीच्या केराटिनसाठी वाईटच असते.

सर्वांत उपयोगी साधन म्हणजे स्वयंपाकघरातला अंकी वजनकाटा. रोज सकाळी, खाण्याआधी, एकाच वेळी वजन करून वहीत मांडावे. १२० ग्रॅमचा पक्षी १०८ वर आला म्हणजे दहा टक्के वजन गेले. एवढे झाल्यावर वाट पाहू नये. पिसे फुगलेली असल्यामुळे डोळ्यांना पक्षी गुबगुबीतच दिसतो. काटा फसत नाही.

नवी चोच बसवता येते का?

चीर गेली असेल तर दंतवैद्य वापरतात तसल्या ॲक्रिलिकने ती सांधता येते. खाली नवे केराटिन वाढले की लेप सुटून पडतो, आणि तेच अपेक्षित असते. मात्र जखम आधी स्वच्छ आणि जंतुविरहित झालेली हवी. वरच्या चोचीत नाकाशी जोडलेल्या हवेच्या पोकळ्या शिरलेल्या असतात, त्यामुळे लेपाखाली कोंडलेला जंतुसंसर्ग डोळ्यांपर्यंत पोहोचू शकतो.

पूर्ण चोच गेली तर कृत्रिम चोच बसवण्याचे प्रयत्न झाले आहेत आणि वृत्तपत्रांतून ते गाजतातही. अलास्कात २००५ साली कोणीतरी गोळी घातलेल्या ‘ब्यूटी’ नावाच्या गरुड मादीला आयडाहो राज्यात २००८ मध्ये संगणकाच्या साह्याने घडवलेली चोच बसवली गेली. कोस्टारिकातल्या ‘ग्रेसिया’ नावाच्या टूकनची वरची अर्धी चोच २०१५ साली काही जणांनी मारहाण करून तोडली. २०१६ मध्ये त्याला त्रिमितीय छपाईने बनवलेली चोच मिळाली. लोकांचा संताप इतका होता की पुढे २०१७ मध्ये त्या देशात प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्धचा कायदा झाला. मला स्वतःला या चोचींचे कौतुक आहे, पण पोपटाच्या मालकाने त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नये. पोपट चोचीवर प्रचंड जोर लावतो. हाड पातळ असते, त्यात घातलेले स्क्रू सैल होतात, आणि वाढते केराटिन कृत्रिम चोचीला पुढे ढकलत राहते. ती पुन्हा पुन्हा बसवावी लागते, दर वेळी भूल द्यावी लागते.

दुसरी बाजू अशी की बरेच पोपट कृत्रिम चोचीवाचूनही जगायला शिकतात. सर्वांत चांगला अभ्यासलेला पक्षी न्यूझीलंडमधला आहे. तिथल्या दक्षिण बेटावरच्या डोंगरांत किआ नावाचे पोपट राहतात. त्यांतला एक, ‘ब्रूस’, २०१३ साली लहान असताना वरची चोच गमावलेल्या अवस्थेत सापडला. त्याला क्राइस्टचर्चजवळच्या विलोबँक अभयारण्यात ठेवण्यात आले. कृत्रिम चोच बसवली गेली नाही. खाण्याचे त्याने जमवले, पण पिसे साफ कशी करणार? वरची चोच नसल्याने पीस पकडताच येत नाही. ब्रूस जमिनीवरचा लहान खडा उचलतो, जीभ आणि खालची चोच यांच्यामध्ये धरतो आणि त्याने पिसे घासतो.

ऑकलंड विद्यापीठातील अमालिया बास्टोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना प्रश्न पडला की हे हेतुपूर्वक आहे की योगायोग. त्यांनी मोजदाद केली. ब्रूसने खडा उचलला तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा त्याने पिसेच साफ केली. खडा पडला तर सुमारे ९५ टक्के वेळा तो परत घेतला किंवा दुसरा घेऊन काम पुढे चालू ठेवले. तो विशिष्ट आकाराचेच खडे निवडत होता, आणि त्याच जागेतल्या बाकीच्या किआंपैकी कोणीही खड्याने पिसे साफ करत नव्हते. हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. मला यातली मोजण्याची पद्धत मुलांसमोर मांडण्यासारखी वाटते. पोपट हुशार आहे असे म्हणून न थांबता, हुशारी नसती तर काय दिसले असते, हा प्रश्न इथे आधी विचारला गेला आहे.

ज्यांच्या घरी असा पक्षी आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पिसे साफ करता येत नसल्याने रोज अंगावर पाण्याचा हलका फवारा द्यावा आणि उवांसाठी तपासणी करून घ्यावी. आणि वरची चोच नसेल तर खालचीची झीज थांबते, ती वाढत राहते. दर काही आठवड्यांनी ती घासून घ्यावी लागते. घरच्या नेलकटरने नव्हे, कारण आत रक्तवाहिनी कुठवर आली आहे हे बाहेरून दिसत नाही. पक्ष्याला हाताळल्यावर साबणाने हात धुणे आणि पिंजरा झाडताना नाकावर रुमाल बांधणे मुलांना आधीच शिकवावे. पोपटांच्या विष्ठेच्या धुळीतून फुप्फुसाचा एक आजार माणसाला होऊ शकतो. औषधाने तो बरा होतो, पण डॉक्टरांना घरात पोपट आहे हे सांगावे लागते.

कायद्याची भीती

हिरवा पोपट, मोठा करण पोपट, जांभळट डोक्याचा टुईया, असे भारतातले सर्व रानटी पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. त्यांना पकडणे, विकणे आणि पाळणे हा गुन्हा आहे, घरोघरी पिंजरे दिसत असले तरी. हा कायदा योग्यच आहे असे माझे मत आहे. ढोलीतून काढलेल्या पिलांपैकी बाजारापर्यंत जिवंत पोहोचणारी थोडीच असतात. बजरीगर (दुकानात बहुधा यांनाच लव्हबर्ड म्हणून विकतात) आणि कॉकाटील यांना ही बंदी लागू नाही. मकाव, काकाकुवा, आफ्रिकी राखी पोपट अशा परदेशी जातींची मात्र वनखात्याकडे नोंदणी करावी लागते. त्यासाठीचे नियम २०२४ साली आले.

पण या कायद्याच्या भीतीने जखमी पक्षी घरात दडवून ठेवणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा शिक्षा देणे होय. पशुवैद्याचे काम उपचार करण्याचे आहे. त्याला पक्षी दाखवावा, आणि देशी पोपट असेल तर वनखात्याला कळवून त्यांच्या स्वाधीन करावा. रानातला जखमी पोपट शाळेच्या आवारात सापडला तरी तेच. महाराष्ट्र वनविभागाचा त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक १९२६ आहे. पक्ष्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य तालुक्याला मिळेलच असे नाही. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथवर नेईपर्यंत गावातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातूनही रक्त थांबवणे, वेदनाशामक आणि पहिली मात्रा मिळू शकते. प्रवासात खोके झाकलेले असावे, त्यात पाण्याची वाटी ठेवू नये, आणि पक्ष्याचे शेवटचे वजन कागदावर लिहून बरोबर न्यावे. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.